द्वारकाकाकूंचे छत्तीस भाग

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कोणाच्या हाती पडली तर चुकांची माफी आधीच मागून ठेवते. पण याच अक्षरात मी आजवर कितीतरी मुलींचे बायोडाटा लिहिले आहेत. त्यातली एक मुलगी आठ वर्षांपूर्वी मेलेली होती, शिवाय चित्रातली होती. तिलाही स्थळ आलं. हे सगळं द्वारकाकाकूंमुळे.

काकू आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात, अमरावतीत, बडनेऱ्याच्या रस्त्याला. काम सोयरिकी जुळवण्याचं. मोर्शीपासून अकोल्यापर्यंत कोणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे, कोणाचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून गुपचूप परत आला आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. लिहिता मात्र येत नाही. मी दिवसभर घरी बसून हार आणि गजरे ओवते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. काकूंना बोलल्याशिवाय जेवण पचत नाही. म्हणून आमचं जमलं. त्या सांगतात, मी लिहिते. काळी मुलगी असेल तर 'नाकीडोळी नीटस' लिहायचं, भांडखोर असेल तर 'घर सांभाळणारी', आणि मुलगा काहीच करत नसेल तर 'घरची शेती'. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

त्यांची एक लकब आहे. गुण मोजायचे ते उजव्या हाताच्या बोटांवर आणि दोष मोजायचे डाव्या हाताच्या. उजवा हात सगळ्यांसमोर नाचत असतो. डावा पदराखाली असतो. तिथे तो मोजतो की नाही ते फक्त मला दिसतं, कारण मी बाजूला बसलेली असते. आणि पदराखाली तिसरं बोट मिटत असतानाच काकू समोरच्याला म्हणतात, "मी लपवत नाई, बापा."

त्यांचा दुसरा नेम पैशाचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं की मुलाकडून अकरा हजार घ्यायचे. घासाघीस नाही, ओळख नाही. स्वतःच्या लेकीचं, रेखाचं, अकोल्याला जुळवलं तेव्हाही त्यांनी अकरा हजार घेतले. "नेम म्हनजे नेम," म्हणाल्या. जावई प्यायचा. ते काकूंना तेव्हा माहीत होतं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर होतं, पण हात पदराखाली होता. रेखाला हे दोन्ही कळलं ते सासूच्या तोंडून, भांडणात. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती वेगळी झाली, अकोल्यातच शिवणकाम करून राहिली, आणि नऊ वर्षांत आईच्या दारात आली नाही.

ती मुलगी म्हणजे श्रावणी. आता चौदा वर्षांची आहे. यंदा उन्हाळ्यात तिला नवा मोबाइल मिळाला आणि आईच्या नकळत तिने आजीला फोन केला. पुढे दर रविवारी करू लागली. पण चौदा वर्षांच्या मुलीशी बोलायचं काय? काकूंनी पहिल्याच रविवारी तिची उंची विचारली. मी हातातला दोरा सोडून खूण केली, तेव्हा थांबल्या. मग श्रावणीच म्हणाली, "आजी, तू 'छठी घंटी' पाह्य. जपानचं हाये, हिंदीत बोलतात. छत्तीस भाग हायेत. तू पस्तीस पाह्यले तं दिवाळीच्या सुट्टीत मी आईले मनवून येतो. शेवटचा आपन सोबत पाहू."

काकू त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसल्या आणि मोबाइल माझ्या शेवंतीच्या टोपलीला टेकवला. तिथून तो चार महिने हलला नाही.

गोष्ट अशी. जपानातल्या एका गावात शाळा आहे. रोज सहावी घंटा झाली की त्या शाळेत मेलेली मुलं येऊन बसतात. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं असतं. सोळा वर्षांच्या एका मुलालाच ती दिसतात. तो त्यांचं राहिलेलं काम शोधतो, मध्ये एखाद्या काळ्या राक्षसाशी मारामारी करतो, आणि भूत उजेड होऊन निघून जातं. नावं काकूंना येत नव्हती. तो मुलगा झिपऱ्या. खिडकीजवळ बसणारी, न बोलणारी, आठ वर्षांपूर्वी मेलेली मुलगी लाल फीतवाली. राक्षस तो राक्षसच.

आता काकूंना कोणाकडे बघायची एकच रीत माहीत. त्यांनी झिपऱ्याकडे स्थळ म्हणूनच पाहिलं.

"पोट्ट्याचा पहिला गुन," उजव्या हाताचं बोट मिटलं, "घरी आल्यावर जोडे सरळ ठेवते. दुसरा, मोठ्या मानसापुढं वाकते. तिसरा, जेवाच्या आधी हात जोडते. आपल्याकडचं कोनतं पोट्टं करते सांग मले, इंदे."

मग डावा हात. आणि मी चकित झाले, कारण तो पदराबाहेर आला. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच उघड्यावर पाहिला.

"मायबाप कुठी हायेत याचे? पोट्टं एकटं राह्यते, सोताच भात शिजवते. बाप म्हने परदेशात. अन् बाप एकडाव फोन करत नाई. अशा घरात कोन देईन पोरगी?"

"काकू, कोणाचेच आईबाप दाखवले नाहीत," मी म्हणाले.

"मंग त्या गावात शाळाच हाये का फक्त? फी कोन भरते?"

याचं उत्तर सिरियल काढणाऱ्यांकडेही नसावं.

मारामारी आली की काकूंचा जीव जाई. झिपऱ्या हात उचलायच्या आधी वाराचं नाव ओरडून सांगतो, मग त्या नावाचा अर्थ सांगतो. "हा मारून राह्यला का लगनपत्रिका वाचून राह्यला?" काकू म्हणत. "अन् तो राक्षस पाह्य, हात बांधून ऐकून राह्यला. आमच्या गल्लीत असा भांडला असता तं दात हातात आले असते." आणि मूठ राक्षसापर्यंत पोचायच्या आत झिपऱ्याला काही तरी जुनं आठवे. एकदा ते आठवणं दोन भाग चाललं. मूठ तिथेच. काकूंनी मधल्या वेळात एक सोयरीक फोनवर जुळवून घेतली. मूठ तिथेच.

सतराव्या भागात सगळी मुलं, भुतं शाळेत सोडून, समुद्रावर गेली. कलिंगड फोडलं आणि परत आली. गोष्ट एक पाऊल पुढे गेली नाही. काकू भडकल्या. "हे म्हनजे आपन मुलगी पाह्यले गेलो अन् त्यायनं आपल्याले नवं न्हानीघर दाखवलं."

पण उजवा हातही रिकामा राहिला नाही. "भातावरची वाफ पाह्य, इंदे. चित्रातला भात अन् तोंडाले पानी सुटते." पावसाचं काढलेलं त्यांना आवडे. कोणी बोलत नसलं तरी दोन-दोन मिनिटं दाखवत राहतात, तेही आवडे. बडबड्या बाईला गप्प बसलेली माणसं आवडावीत याची मला गंमत वाटली. आणि भुतांबद्दल त्या म्हणाल्या, "भूत भयानक नाई केलं. आपल्यासारखं केलं. कोनी इचारलंच नाई त्याले काही, असं."

सगळ्यात मोठा दोष मात्र एकच, आणि तो त्या प्रत्येक भागाच्या शेवटी करंगळीवर मोजत. "एवढं सोपं असते काय? कोनी एक 'माफ कर' म्हटलं, दोन टिपं गाळली, अन् गेलं भूत. एवढी सस्ती माफी कुठी मिळते, मले पत्ता दे." मग गाणं लागे, आणि गाणं लागलं की काकू मोबाइल बंद करून चहा टाकायला उठत. "गानं लागलं का झालं."

पोळ्यापर्यंत पस्तीस भाग झाले. रविवारी श्रावणीचा फोन आला. काकूंनी मोठ्या आवाजावर लावला, मलाही ऐकू यावं म्हणून. त्यांना शाबासकी साक्षीदारासमोर हवी होती.

"आजी, पह्यल्या भागातल्या छत्रीचं शेवटी काय झालं?"

"कोनती छत्री वं? तो सोबती रडला, माफी मागतली, भूत गेलं."

"छत्री कोनाकडे गेली?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

"तिसऱ्या भागातली वही? नवव्यातले बसचे पैसे?"

"बसचे पैसे तं नाई दाखवले," काकू म्हणाल्या.

मग ती पोरगी म्हणाली, "तू पाह्यलंच नाई, आजी. कोनाकून ऐकून सांगते. आई म्हनते ते खरं हाये, तू निसतं बरं बरं सांगते."

काकू माझ्याकडे वळल्या. "इंदे, तू साक्षी हायेस ना? सांग तिले, म्या सारे पाह्यले." मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे आवाज निघाला नाही. तोवर श्रावणीला दया आली असावी. ती म्हणाली, "बरं, लाल फीतवालीचे गुन अन् दोष लिहून पाठव. दोष खरे पाह्यजेत. मंग पाहू दिवाळीचं."

काकूंना लिहून पाठवायचा एकच कागद माहीत होता. बायोडाटा. तो आम्ही गणपतीच्या दुसऱ्या दिवशी लिहिला.

"नाव लाली लिही. वय काय लिहू, म्हन्तेस? मेली तवा सोळाची. मरून आठ वर्षं झाली. चोवीस लिही. अठराच्या खालचा कागद मी करत नाई, कायदा हाये."

शिक्षण अकरावी. आईवडील नाहीत. स्वभाव शांत. 'गेलेल्या माणसांचं मनापासून करते.' आणि खाली, माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं गेलेलं, 'दोष: जेवत नाही. खिडकीजवळून उठत नाही. जुनं विसरत नाही.'

कागदाचा आणि लाल फीतवालीचा फोटो काकूंनी पाठवला. नावं वाचता येत नसल्यामुळे त्या मोबाइलवर नावाशेजारचं चित्र पाहून माणूस ओळखतात. श्रावणीचं चित्र एरवी मांजरीचं असे. गणपती आले म्हणून तिने गणपतीचं लावलं होतं. काकूंच्या सोयरिकीच्या ग्रुपवर गणपती बारा महिने असतो. कागद तिकडे गेला.

दोन दिवसांनी चांदूर रेल्वेहून एका शेतकरी घरचा फोन आला. "मुलगी पाह्यले उद्या येतो." काकू म्हणाल्या, "या." कोणती मुलगी ते त्या कधीच विचारत नाहीत. आधी पाहुणे घरात घ्यायचे, मग कोणती दाखवायची ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत.

मुलगा, आई, बाप आणि एक मामा आले. मी पोहे केले आणि दाराआड उभी राहिले. बाप मनमोकळा माणूस होता. म्हणाला, "बाई, खरं सांगतो, मुलीचे दोष लिहिनारी मानसं आता राह्यली नाईत. वाचलं अन् म्हटलं, हेच घर. डोळे फोटोत जरा मोठे वाटते, पन आजकाल फोटो असेच येतात. लालीले बोलवा."

काकूंचा उजवा हात वर गेला आणि तसाच राहिला. त्या दारातून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता खोटं येतं. लाली मामाकडे गेली, लालीचं जमलं, काहीही चाललं असतं. पण ज्या कागदावर त्यांनी प्रथमच खरे दोष सांगितले, त्याच कागदावरून ही माणसं आली होती. डावा हात पदराबाहेर आला.

"मुलगी मेली हाये, भाऊ."

"कवा?" मुलाची आई म्हणाली.

"आठ वर्षं झाली."

मामाने पोह्याची बशी खाली ठेवली. आईने पदर डोळ्यांना लावला. बाप हळूच म्हणाला, "तरी लिहलं होतं, जेवत नाई म्हून." पाच मिनिटं त्या घरात सुतक होतं. काकूंना दुरुस्ती करायला फट सापडेना, आणि मी दाराआड पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी.

शेवटी मुलगाच बोलला. पस्तिशीचा, उन्हात रापलेला. "बाबा, ती कार्टूनातली हाये. 'छठी घंटी.' म्या पाह्यली."

"मंग आल्यावर सांगतं?" बाप म्हणाला. "घरी काहून नाई सांगितलं?"

"तुमी म्हनले चला, म्हटलं चला. आजवर एकोनीस मुली पाह्यल्या. एकीचाही स्वभाव मले आधी मालूम नव्हता. इचा तरी होता."

मामाने पोहे पुन्हा हातात घेतले. आणि काकू, ज्यांनी या गरीब मुलासारख्या किती मुलांना 'घरची शेती' लिहून घरोघर फिरवलं होतं, त्या खाली त्याच्यासमोर येऊन बसल्या आणि आपलं करंगळीचं दुखणं काढलं. एवढी स्वस्त माफी कशी, म्हणून.

"माफी मागून भूत कुठी जाते, काकू?" तो म्हणाला. "माफी मागतली का ते निसतं उजेडात येते. वस्तू परत भेटल्यावर जाते. छत्री नाई का त्याच्या मायच्या दारात नेऊन ठेवत? गान्याच्या नंतर?"

"गान्याच्या नंतर काय असते?"

"गान्याच्या नंतरच तं असते सारं."

काकूंनी पस्तीस वेळा गाणं लागताच मोबाइल बंद केला होता.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात कोणी सोयरिकीचं नाव काढत नाही, काकू रिकाम्या असतात. एरवी त्या पंधरा दिवसांत शेजाऱ्यांची भांडणं लावतात. यंदा माझ्या टोपलीसमोर बसून त्यांनी पस्तीस भागांचे शेवट पाहिले. प्रत्येक शेवट दीड-दोन मिनिटांचा. कोणी बोलत नाही. झिपऱ्या एकटा जातो. छत्री दारात टेकवतो. वही भावाच्या दप्तरात ठेवतो. बसचे पैसे ड्रायव्हरच्या हातावर ठेवतो, मोजून. मग रिकामा रस्ता दिसतो. काकूंनी एकही बोट मिटलं नाही. ना इकडचं, ना तिकडचं. नवव्या भागाचा शेवट त्यांनी दोनदा लावला.

रविवारी श्रावणीला त्यांनी छत्री, वही, सगळं सांगितलं आणि लालीचा कागद या वेळी तिलाच पाठवला. ती खूश झाली. काकू म्हणाल्या, "दिवाळीले तू नोको येऊ. मीच येतो."

दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच त्या मला सोबत घेऊन एस.टी.ने अकोल्याला गेल्या. एकटं जायची हिंमत नव्हती, आणि भांडण झालं तर न बोलणारी साक्षीदार बरी. रेखा मशीनवर बसली होती. आईला बघून तिने पाय थांबवला नाही, फक्त कापड ओढलं. काकूंनी पाच हजार मशीनच्या फळीवर ठेवले आणि म्हणाल्या, "तुह्या साक्षगंधाचे."

मला वाटलं, आता भिरकावते. रेखाने नोटा उचलल्या, मोजल्या आणि म्हणाली, "सहा कमी हायेत."

"आनतो," काकू म्हणाल्या. आम्हाला पाणी मिळालं.

पंधरा दिवसांनी तीन हजार. त्या वेळी चहा मिळाला. परत येताना काकू एस.टी.त खुशीत होत्या. "चहाचा गुन, गोड होता. दोष, कपात होता. जरा मोठा गिलास काहून नाई दिला?" मला मात्र एक कळेना. काकूंकडे अकरा हजार एकदम द्यायला नव्हते असं नाही. त्यांच्या डब्यात किती असतात ते मला माहीत आहे, हिशेब मीच लिहिते. मी विचारलं, एका फेरीत का नाही दिले? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सारं परत भेटलं का मंग ते जाते, इंदे. तू पाह्यलं नाई काय?"

दिवाळीच्या सुट्टीत तिसरी फेरी. श्रावणी दारातच उभी होती. काकूंनी तिची उंची डोळ्यांनी मोजली, पण तोंड बंद ठेवलं. जेवण झालं. वरणाच्या वाफेकडे बघून आजी-नात दोघी हसत राहिल्या, आणि रेखाला त्यात हसण्यासारखं काय ते समजलं नाही. मग छत्तीसावा भाग लागला. रेखा म्हणाली मी नाही बघत, आणि मशीन बंद करून मागे येऊन बसली. लाल फीतवाली खिडकीजवळून उठली. झिपऱ्याने वाराचं नाव ओरडायला सुरुवात केली तेव्हा काकू पुटपुटल्या, "वाच पत्रिका." गाणं लागलं. कोणी उठलं नाही. चौघी भिंतीला टेकून शेवटच्या अक्षरापर्यंत बसून राहिलो.

निघताना काकूंनी पैसे काढले. रेखाने मोजले. पुन्हा मोजले.

"शंभर कमी हायेत."

"पुढच्या बारीले आनतो," काकू घाईने म्हणाल्या. त्यांचा उजवा हात हवेत हलला. डावा पदराखाली होता. मी बाजूला उभी होते, मला दिसत होतं. रेखाही त्यांचीच लेक, तिलाही दिसत असावं.

ती म्हणाली, "आत्ता दे. फिटल्यावर बी येता येते."

काकूंचा डावा हात पदराबाहेर आला. मुठीत घामाने ओली झालेली शंभराची घडी होती. रेखाने ती उलगडली, मांडीवर सरळ केली आणि बाकीच्या नोटांवर ठेवली. अकरा हजार पूर्ण झाले.